सिनेमातल्या उमेदवाराचं प्रचारगीत कसं लिहायचं

म्युझिकल सिनेमातल्या प्रचारगीताला ऐकणारे दोन असतात, पडद्यावरची गर्दी आणि थिएटरातला प्रेक्षक. गर्दी गाण्यावर भाळली पाहिजे आणि प्रेक्षकाला त्याच गाण्यात उमेदवाराची पोल दिसली पाहिजे. हे जमलं की निम्मं काम झालं.

सुरुवात नावापासून करा. नाव मोठ्याने म्हणून बघा, जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते पकडा आणि ते अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर आणा. चाल आधी बांधून नाव नंतर कोंबलं तर गर्दी तिथेच अडखळते. स्क्रिप्ट अजून पक्की व्हायची असेल तर सरळ दिग्दर्शकाच्या मागे लागून नावच बदलून घ्या!

मुखडा एका दमात म्हणता यावा, आणि चाल अशी की गाता न येणाऱ्यालाही झेपेल. 'हाय होप्स' हे अमेरिकन गाणं ऐका, 1959 च्या सिनेमात गायक फ्रँक सिनात्राने एका लहान मुलाबरोबर गायलंय ते, आणि 1960 ला जॉन केनेडींच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी गीतकार सॅमी कान यांनी त्याच चालीवर नवे शब्द लिहून दिले, गायला परत सिनात्राच. पोराला जमणारी चाल सभेलाही जमते.

खरी मजा अंतऱ्यात आहे. पहिलं आश्वासन साधं ठेवा, रस्ता वगैरे, मग एकमेकांना छेद देणारी दोन एकाच ओळीत टाका. उदाहरणार्थ उमेदवार गातो, "शेतकऱ्याला चढा भाव नि गिऱ्हाइकाला स्वस्त धान्य", कोरस लगेच "मान्य! मान्य!" बस्स, तो थापा मारतोय हे सांगायला वेगळा सीन नको. फक्त संगीतात टिंगल करू नका, ढोल-ट्रम्पेट मनापासून वाजू द्या, चावटपणा शब्दांतच राहू दे, नाहीतर असल्या गाण्यावर गर्दी भुललीच कशी असं वाटतं.

रेकॉर्डिंगला कोरस फार घोटून घेऊ नका, कार्यकर्ते थोडे पुढेमागे झालेलेच बरे.

टोमणा मारायचा असेल तर 'आंधी' (1975) मधली 'सलाम कीजिए' ही कव्वाली बघा, स्वागताचा आव आणून नेत्याची सालं काढलीयत त्यात. तुमच्या सिनेमातल्या विरोधकांना मात्र वेगळी चाल देऊ नका, उमेदवाराचीच द्या आणि शब्द फिरवा, म्हणजे कोरसच्या "मान्य"च्या जागी "अमान्य" आलं की प्रेक्षकाला पहिली ओळ आपोआप आठवते.