फायबरच्या कामात अ‍ॅसिटोन: कुठे वापरायचं आणि कुठे अजिबात नाही

फायबरच्या, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात बसवून वस्तू बनवायच्या कामात, ब्रश वाचवायचा असेल तर रेझिन ओलं आहे तोवरच धुवा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) पडला की उन्हाळ्यात 15-20 मिनिटांत ते जेल धरतं, म्हणजे जेलीसारखं घट्ट होतं. एकदा कडक झालं की ब्रश रात्रभर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवलात तरी काही होत नाही. फार तर रेझिन थोडं फुगतं. म्हणून मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) कापायला घेण्याआधीच अ‍ॅसिटोनचे डबे तयार ठेवायचे, हे मी कामावर नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्यांदा सांगतो.

डबे दोन लागतात, दोन्ही पत्र्याचे आणि घट्ट झाकणाचे. आधी ब्रश जुन्या पुठ्ठ्यावर दाबून निपटून घ्या. जेवढं रेझिन पुठ्ठ्यावर उतरेल तेवढं अ‍ॅसिटोन वाचतं. मग पहिल्या डब्यात, म्हणजे वापरलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये, ब्रशचे केस डब्याच्या कडेला दाबत मुळापर्यंत उघडा. नुसता गरगर फिरवून मुळाशी बसलेलं रेझिन निघत नाही, आणि ब्रश मरतो तो तिथेच. नंतर दुसऱ्या, स्वच्छ डब्यात एक हात मारा, झटका आणि वाळू द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या रोलरच्या खाचांत काचेचे धागे अडकतात, ते तारेच्या ब्रशने काढून मगच बुडवा.

पूर्ण वाळू द्या, हे मुद्दाम सांगतोय. ओला ब्रश परत रेझिनमध्ये घातला की अ‍ॅसिटोन थरात जातं, वरचा थर आधी कडक होतो आणि ते आत कोंडतं. मग बुडबुडे येतात आणि मधूनमधून मऊ जागा राहतात. घट्ट रेझिन पातळ करायला अ‍ॅसिटोन ओतणं हा तर माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. माल दिसायला ठीक दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. पातळ करायचंच असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात स्टायरीन (पॉलिएस्टर रेझिनमध्ये असतोच तो पातळ द्रव) घ्या. हार्डनर तर अ‍ॅसिटोनमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून स्फोट होईल असे पदार्थ तयार होऊ शकतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. अ‍ॅसिटोन 56 अंशांना उकळतं, म्हणून साध्या हवेतही ते भराभर उडतं आणि उडताना वस्तू गार करतं. दमट दिवसांत त्या गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं. मोल्ड अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जेलकोट (साच्यात सगळ्यात आधी मारायचा, मालाचा बाहेरचा गुळगुळीत थर) मारला तर तो ओलावा खाली अडकतो. पुसल्यावर कोरडं फडकं फिरवा, बोट लावून पाहा, मोल्ड खोलीच्या तापमानाला आला की मगच पुढे जा.

माल घेताना वजन करून बघा. 20 अंशांना लिटरभर शुद्ध अ‍ॅसिटोन साधारण 790 ग्रॅम भरतं, कडक उन्हात थोडं कमी. पाणी किंवा टोल्युइन मिसळलेलं असेल तर वजन चढतं. स्वच्छ काचेवर चार थेंब टाका: काही सेकंदांत उडून मागे कडं राहिलं नाही तर माल बरा. साठवायला मूळ कॅन किंवा जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा डबा चालतो. थर्माकोल क्षणात विरघळतं, अ‍ॅक्रिलिक तडकतं. चष्म्याची प्लॅस्टिकची काच त्याने कधीही पुसू नका.

हात धुवायला अ‍ॅसिटोन नाही. ते कातडीतलं तेल ओढून घेतं, भेगा पडतात, आणि काचेचे धागे लागलेल्या हातांची आग आणखी वाढते. रेझिन आधी फडक्याने पुसा, खोबरेल तेल चोळून सैल करा, मग साबण लावा. निळे नायट्राइल हातमोजे रेझिनला ठीक आहेत, पण अ‍ॅसिटोनमध्ये ते काही मिनिटांत मऊ पडतात. त्यासाठी ब्यूटाइल रबरचे घ्या. महाग आहेत, पण टिकतात.

आता आगीचं. अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, त्यामुळे ती वर न जाता फरशीवरून सरकते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. ग्राइंडर आणि वेल्डिंग चालू असताना डबे बंदच हवेत. वर्कशॉप उघडल्यावर देवापुढे उदबत्ती लावायची आपली रीत आहे. ती जरूर लावा, पण पूर्ण विझल्यावरच झाकणं काढा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि पंखा असा लावा की वाफ बाहेर ढकलली जाईल. डोकं जड वाटलं तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. ड्राय पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा, आतल्या कोपऱ्यात नको.

पहिल्या डब्याचं अ‍ॅसिटोन झाकण लावून रात्रभर स्थिर ठेवलं की रेझिनचा गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ काढून पुन्हा पहिल्याच डब्याला वापरा. गाळ गटारात ओतू नका, घातक कचऱ्यात द्या. तळोजा आणि रांजणगावला त्याची केंद्रं आहेत. ओली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. हार्डनर घातलेलं उरलेलं रेझिन मात्र त्या डब्यात कधीच नको, कारण कडक होताना ते हाताला चटका बसेल इतकं तापतं. ते बाहेर मोकळ्या जागी, जमिनीवर पातळ पसरून ठेवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच उचला.