७० च्या पुढचं कोणी घरात असेल तर

आयुष्मान कार्ड असलं की बीपी-शुगरच्या गोळ्या पण फुकट मिळणार असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये हां. कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर किंवा डायलिसिससारख्या पॅकेजमधल्या उपचारांना, ओपीडीला नाही. रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात एनसीडी क्लिनिक (बीपी-शुगरसारख्या दीर्घकाळच्या आजारांचा विभाग) असतं तिथे जा, आणि तिथे नसेल ते जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात बघा, फक्त डॉक्टरकडून ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

आणि ७० च्या पुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अटच नाही, पेन्शनवाले असले तरी वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं वेगळं आयुष्मान कार्ड मिळतं, फक्त आधार लागतं. आमच्या आईचं कार्ड काढताना बोटांचे ठसेच उमटेनात, भांडी घासून घासून झिजलेले, शेवटी मोबाईलवर ओटीपी घेऊन झालं, तेव्हा आधारला चालू नंबर जोडलाय का ते आधी बघा. ॲडमिट करायच्या आधी हॉस्पिटल आयुष्मानच्या यादीत आहे का आणि आपला आजार तिथे घेतात का हे दोन्ही विचारा, १४५५५ वर फोन केला तरी सांगतात.