ओर्दू, शोगुन, डेनगेल्ड: मध्ययुगीन संज्ञांची कार्डं कशी करावीत

वहीत चाळीस संज्ञा एकाखाली एक लिहायच्या, शेजारी मराठी अर्थ टाकायचा आणि घोकायचं. आठवड्यात सगळ्याची खिचडी होते. 'शोगुन म्हणजे राजा', 'इक्ता म्हणजे जहागीर' असं लिहिलं की शब्दाचा मुलूखही सुटतो आणि शतकही.

त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढी कार्डं कापा. एका कार्डावर एकच संज्ञा. मागच्या बाजूला चार ओळी: शब्दशः अर्थ, ठिकाण, काळ, प्रत्यक्ष काम. पाचवी ओळ लाल शाईने, गल्लत कशाशी होते त्याची. रोज पाच कार्डं पुष्कळ झाली.

शब्दशः अर्थाला कंटाळू नका, खरी मेख तिथेच असते. 'ओर्दू' म्हणजे छावणी. मंगोल खानाचा तळ जिथे, तिथे त्याचा दरबार. आपल्याकडचा 'उर्दू' हा शब्दही याच छावणीतून आला. जपानी 'बाकुफू'च्या पोटातही तंबूच आहे: सेनापतीच्या तंबूतून चाललेला कारभार. ही दोन कार्डं शेजारी ठेवली की एकही विसरत नाही.

शोगुनच्या कार्डावर लाल ओळ हवीच. मिनामोतो नो योरितोमो ११९२ मध्ये शोगुन म्हणजे सरसेनापती झाला, पण सम्राट क्योटोत होताच. शोगुनचं ठाणं कामाकुरा. पुढे शोगुनही नावापुरता उरला आणि सूत्रं 'शिक्केन' म्हणजे होजो घराण्यातल्या कारभाऱ्याकडे गेली. म्हणून कुब्लाई खानाच्या १२७४ आणि १२८१ च्या स्वाऱ्यांवेळी कारभार शिक्केन होजो तोकिमुनेच्या हाती होता. 'शोगुनने मंगोलांना परतवलं' हे उत्तर इथेच फसतं.

इक्त्याचं कार्ड करताना मराठी माणसाच्या डोक्यात वतन शिरतं. दिल्ली सल्तनतीत 'मुक्ती'ला, म्हणजे इक्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, मिळायचा तो महसुलाचा हक्क. जमीन त्याची नव्हे आणि सुरुवातीला त्याची बदलीही होई. वंशपरंपरेची सवलत फिरोजशाह तुघलकाच्या काळातली. मनसब तर थेट अकबराची, ते कार्ड या गठ्ठ्यात नकोच.

उत्तर युरोपात पहिली चूक 'व्हायकिंग' या शब्दाचीच. तो धंदा होता, जात किंवा राष्ट्र नव्हे; समुद्रावर लुटीला निघालेला तो व्हायकिंग, घरी नांगर धरणारा नुसता शेतकरी. 'थिंग' म्हणजे स्वतंत्र माणसांची सभा, न्यायनिवाड्यासकट. आइसलँडची आल्थिंग ९३० ची. 'डेनलॉ' हा इंग्लंडचा डॅनिश कायदा चालणारा भाग, तर 'डेनगेल्ड' ही हल्ला टाळायला दिलेली खंडणी. ९९१ मध्ये माल्डनच्या लढाईनंतर १०,००० पौंड चांदी मोजली गेली. गंमत म्हणजे त्या वेळी लोक तिला 'गाफोल' म्हणत, डेनगेल्ड हे नाव नॉर्मन काळातलं. अशा मागाहून चिकटलेल्या नावांच्या कार्डाचा कोपरा दुमडून ठेवा.

हान्सा हे राज्य समजू नका. ल्युबेकच्या पुढारपणाखालचा तो व्यापारी शहरांचा संघ. लंडन, ब्रूज, बर्गन, नोव्हगोरोद इथे त्याच्या वखारी.

वीस कार्डं झाली की पिसा आणि फक्त शतकांप्रमाणे लावा, देश बघू नका. तेराव्या शतकाच्या ढिगात याम (मंगोलांची घोडेस्वारांची टपाल व्यवस्था), शिक्केन, इक्ता आणि हान्सा एकत्र यायला हवेत. डेनगेल्ड तिथे पडलं, तर मागची तिसरी ओळ पुन्हा वाचा.