जॉली बॉयला जायचंय? मग आधी बॅग रिकामी करा

आपल्याकडचं माणूस अंदमानला गेलं की पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहून डोळे पुसायचे, मग हॅवलॉक, नील, थोडी खरेदी आणि पाचव्या दिवशी परत विमानात. टूरवाल्यांच्या यादीत जॉली बॉय बहुतेक वेळा गळलेलं असतं नाहीतर "ऑप्शनल" म्हणून खाली कुठेतरी बारीक अक्षरात. माझं म्हणाल तर खरेदीचा दिवस कापा पण हे बेट बघा. (बॉय म्हणजे मुलगा नव्हे बरं का, समुद्रात तरंगतो तो बोया.)

हे बेट महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कमध्ये येतं. १९८३ साली झालेलं पार्क, १५ बेटं आणि मधला समुद्र धरून साधारण २८१ चौरस किलोमीटर. पण आपल्याला त्यातल्या दोनच बेटांवर जाता येतं, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही एका वेळी एकच. साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत जॉली बॉय चालू असतं आणि पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किन, म्हणजे एकाला माणसांपासून सुट्टी आणि दुसऱ्याची ड्युटी. त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी कुठलं बेट चालू आहे ते विचारून घ्या. सोमवारी पार्क बंद असतं हे तर लिहूनच ठेवा, सोमवारी सकाळी तयार होऊन बसलेली कुटुंबं मी हॉटेलच्या लॉबीत पाहिलीयेत.

परमिट वनखात्याचं लागतं, ते आदल्या दिवशीच करून घ्या, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, लहान मुलांचं आधारसुद्धा बरोबर ठेवा. रोज ठरावीकच माणसं सोडतात म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत "तिथे जाऊन बघू" चालत नाही. परमिटचे पैसे वेगळे, बोटीचे वेगळे, स्नॉर्केलिंगचे (डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी लावून तरंगत खालचं पाणी बघायचं) अजून वेगळे, त्यामुळे टूरवाला जो आकडा सांगेल त्यात काय काय धरलंय ते आधीच फोडून विचारा. बोट सुटते वंडूरच्या जेट्टीवरून, पोर्ट ब्लेअरपासून (आता नाव श्री विजयपुरम झालंय) साधारण तीस किलोमीटर. सकाळी लवकर निघायला लागतं पण त्याचा त्रास होत नाही, तिकडे पाचलाच लख्ख उजाडतं, घड्याळ आपलंच पण सूर्य त्यांचा.

आता मुख्य गोष्ट, प्लास्टिक. जेट्टीवर बॅगा उघडून बघतात, आणि नुसतं वरवर नाही तर खरंच बघतात. पाण्याची प्लास्टिकची बाटली, वेफर्सची पिशवी, बिस्किटचा पुडा, काहीही जात नाही. पाण्यासाठी डिपॉझिट भरून बाटली मिळते, परत आणून दिली की पैसे परत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने घरून आणलेल्या चकल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वर अजून एक पिशवी, वर रबर. त्या सगळ्या चकल्या माझ्या टोपीत ओतून न्याव्या लागल्या आणि मी दिवसभर उन्हात बिनटोपीचा. तेव्हा स्टीलचा डबा न्या. त्यात पुऱ्या, दशम्या, लाडू, जे काय ते, कारण बेटावर दुकान नाही, टपरी नाही, चहा नाही. टॉयलेटला वंडूरलाच जाऊन घ्या, हे विशेषतः आजी-आजोबांना आणि मुलांना आधी सांगा. ओले कपडे ठेवायला कापडी पिशवी.

बोटीचा तासाभराचा प्रवास मस्त आहे, दोन्ही बाजूला तिवरांची जंगलं, मधून खाडी, पाणी गर्द हिरवं आणि पुढे अचानक निळं. पाण्यात हात घालून बसू नका. त्या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, वंडूरच्या बीचवर त्यांचे बोर्ड लावलेत ते शोभेसाठी नाहीत. जॉली बॉयला जेट्टी नाही, मोठी बोट लांब उभी राहते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडतात, उतरताना गुडघाभर पाणी असतं म्हणून जीन्स घालून येणाऱ्यांना तिथेच पश्चात्ताप होतो.

स्नॉर्केलिंग येत नसेल तरी करा. पोहता येत नसेल तरी करा, लाईफ जॅकेट असतं, धरायला रिंग असते आणि गाईड ओढत नेतो. पण मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय आधी करून ठेवा, मालवणला गेलात कधी तर तिथे करा नाहीतर घरी बादलीत तोंड घालून करा, हसू नका, बेटावरच्या दोन-अडीच तासातला अर्धा तास नाकात पाणी जाण्यात घालवण्यापेक्षा बरं. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, थोडं व्हॅसलीन लावायचं. काचेवर वाफ धरते, आतून थुंकी चोळून विसळायची, किळस वाटली तरी दुसरा तितका सोपा उपाय नाही. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते पोर्ट ब्लेअरलाच विचारावं, नाहीतर मासा आणि दगड सारखेच दिसतात, अनुभव आहे.

आणि पाय खाली टेकवायचे नाहीत. हे मी दहादा सांगीन. लोक घाबरले की पटकन उभे राहतात, आणि जिथे उभे राहतात तो दगड नसतोच, ते जिवंत प्रवाळ असतं, हजारो इवल्या जीवांनी चुनखडीचं घर बांधत बांधत केलेलं. मेंदूसारखे दिसणारे ते गोल गोळे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, म्हणजे टोपलीएवढा गोळा तुमच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो आणि तुमची एक टाच पुरते. शिवाय तुम्हालाही कापतं, प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. घाबरलात तर पाठीवर उलटे व्हा आणि तरंगा, जॅकेट काही बुडू देत नाही. ओहोटीला प्रवाळ अगदी पोटाखाली येतं, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर फारच, म्हणून तारीख ठरवताना कोकणातल्या माणसासारखं तिथी बघा.

काही ठिकाणी प्रवाळ पांढरंफटक दिसेल, ते सुंदर म्हणून फोटो काढतात लोक, पण ते आजारी किंवा मेलेलं असतं. पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळाच्या आत राहणारं, त्याला अन्न आणि रंग देणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर पडतं. अंदमानात २०१० ला हे फार मोठ्या प्रमाणात झालं. त्यात आपण सनस्क्रीनची भर कशाला घाला, लांब बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, पाठ भाजतच नाही. माशांना बिस्किटं टाकू नका (तशी बिस्किटं तुमच्याकडे नसणारच). पोपटमासा दिसला तर थांबून ऐका, प्रवाळ कुरतडल्याचा कर्र कर्र आवाज पाण्यात स्पष्ट येतो. तो ते चावतो आणि मागून बारीक वाळू सोडतो, म्हणजे ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर आपण फोटोला लोळतो तिच्यातली बरीचशी त्याची कृपा. हे मुलांना सांगा, पुढचे दोन दिवस दुसरा विषय नाही.

परत निघताना बाटली जमा करून डिपॉझिट घ्या, घाईत विसरतात लोक. आणि हॉटेलवर आल्यावर सगळ्यांचे खिसे तपासा, मुलांचे आधी आणि मग सासूबाईंचेही, "देवघरात ठेवायला एकच घेतला" असा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा निघतोच. मेलेला तुकडासुद्धा चालत नाही, प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसलेलं आहे आणि एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते. आमच्याकडे भाच्याच्या बुटात निघाला होता.