परदेशात मोबाईल वापरताना या चुका टाळा

परदेशवारी ठरली की पुण्यातल्या घरांत तयारीची यादी महिनाभर आधीच सुरू होते. व्हिसाची कागदपत्रे, परकीय चलन, काट्यावर पुन्हा पुन्हा चढणाऱ्या बॅगा, सगळे त्या यादीत असते. मोबाईलचे काय करायचे हा प्रश्न मात्र अनेकांना मुंबईच्या वाटेवर लोणावळा जवळ आल्यावर सुचतो. लोहगावहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच असल्याने मुंबईचा विमानतळ गाठणे बहुतेकांच्या नशिबी असते, आणि घाटातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजवर घाईघाईने जो रोमिंगचा, म्हणजे आपले सिम परदेशी नेटवर्कवर चालवण्याचा, पॅक घेतला जातो, तो एक तर गरजेपेक्षा महाग असतो किंवा मार्गातल्या एखाद्या देशाला लागूच नसतो. आमच्या सोसायटीतील परदेशी जाणारी मंडळी हा विषय घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे कोठे चुकते हे आता पाठ झाले आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक कंपनी निवडण्यातली नसते. एकाच सिमकडून सगळी कामे करून घेण्याचा आग्रह, ही ती चूक होय. परदेशात फोनची दोन अगदी वेगळी कामे असतात. बँकेचा ओटीपी आपल्या भारतीय नंबरावरच येणार असतो. त्याला डेटा लागत नाही, फक्त तो नंबर तेथील नेटवर्कवर नोंदलेला असावा लागतो, आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या साधारणपणे पैसे घेत नाहीत. नकाशा, टॅक्सी, भाषांतर, घरी व्हॉट्सॲप कॉल या कामांना डेटा लागतो आणि तो कोणत्याही स्वस्त सिमवरून घेता येतो. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच ठेवून त्याचे रोमिंग निघण्यापूर्वी कंपनीकडून सुरू करून घ्यावे, त्या सिमचा डेटा मात्र पूर्ण बंद ठेवावा, आणि फोनमधील दुसऱ्या सिमच्या जागी तेथील सिम किंवा प्रवासी ई-सिम (कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायचे सिम) घ्यावे, ही व्यवस्था आठवड्याहून मोठ्या सहलीत बहुतेक वेळा स्वस्त पडते. तीन-चार दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्याने मात्र या भानगडीत न पडता भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा. दोन सिमच्या खटाटोपात वाचणाऱ्या रुपयांपेक्षा डोक्याला होणारा ताप जास्त असतो.

या व्यवस्थेत गफलत होते ती सेटिंगमध्ये. ‘डेटा रोमिंग बंद ठेवा’ हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो आणि तो ते दोन्ही सिमना लावतात. मग प्रवासी ई-सिमवर रेंज दिसते, पण नेट चालत नाही. कारण असे की अनेक प्रवासी ई-सिम मुळात दुसऱ्याच एखाद्या देशातील कंपनीची असतात आणि जेथे आपण उतरतो तेथेही ती रोमिंगवरच चालतात. म्हणजे डेटा रोमिंग भारतीय सिमचे बंद आणि ई-सिमचे चालू, असे हवे. सेटिंगच्या त्याच पानावर एक सिम कमजोर पडल्यास डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते, तीही बंद करावी. नाही तर बोगद्यात ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमवरून डेटा ओढू लागतो आणि पॅक नसेल तर तो प्रत्येक एमबीच्या दराने मोजला जातो. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि व्हॉट्सॲपवरील ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ आपोआप उतरणे, या तीन गोष्टी फक्त वायफायवर होतील असे घरूनच करून ठेवावे.

हिशेब करताना लोक पॅकच्या एका दिवसाच्या दराकडे पाहतात आणि माणसे मोजायला विसरतात. समजा, पॅक दिवसाला ६०० रुपयांना पडतो आणि चौघांचे कुटुंब दहा दिवस फिरणार आहे. चौघांनी चार पॅक घेतले तर २४,००० रुपये होतात. तेच दोघांच्या फोनवर भरपूर डेटाचे ई-सिम आणि बाकी दोघांना हॉटस्पॉट असे केले, तर खर्च निम्म्याहून खाली येतो. अर्थात, ज्याच्या फोनवर नेट आहे तो संग्रहालयात आणि बाकीचे दुकानात अशी पांगापांग होणाऱ्या कुटुंबाला ही युक्ती लाभत नाही. काही ‘अमर्याद’ योजनांत हॉटस्पॉट चालत नाही, तेही आधी वाचावे. पॅकचा दिवस २४ तासांचा धरला आहे की तारखेनुसार, हे अटींत लिहिलेले असते. ज्या पॅकची मुदत परदेशी नेटवर्कला जोडले जाताच सुरू होते, तो पॅक दोहा किंवा दुबईत विमान बदलताना फोन सुरू केल्यास मुक्कामाला पोचण्याआधीच खर्ची पडू लागतो. अशा थांब्यात फ्लाइट मोड चालू ठेवून विमानतळाचे वायफाय वापरणे उत्तम.

युरोपला जाणाऱ्यांची एक चूक जरा सविस्तर सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून असा नियम आहे की एका सदस्य देशातील सिम दुसऱ्या सदस्य देशात नेले तरी जादा रोमिंग आकार लागत नाही. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आला. नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन हे देश संघात नसले तरी या नियमात येतात. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेले सिम रोम, ॲमस्टरडॅम आणि प्राग येथे बिनघोर चालते. परंतु आपल्याकडच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंड हमखास असते, आणि स्वित्झर्लंड या नियमात येत नाही. शेंगेन व्हिसावर तेथे जाता येते म्हणून मोबाईलचेही तसेच असेल, असे मीही गृहीत धरले होते. पॅरिसच्या दुकानदाराने ‘हे युरोपभर चालते’ असे सांगितले होते, आणि रेल्वे बाझेलला पोचताच नेट बंद पडले. पुढचे तीन दिवस आम्ही हॉटेलच्या वायफायवर नकाशाची चित्रे काढून ठेवत फिरलो. व्हिसाचा नकाशा आणि मोबाईलचा नकाशा वेगवेगळा असतो, हे तेव्हा कळले. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यापासून या नियमाबाहेर आहे, म्हणून लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत असतील तर योजनेच्या देशांच्या यादीत ‘युरोप’ हा शब्द न शोधता स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही नावे शोधावीत. आणखी एक बारकावा असा की फ्रान्समध्ये १०० जीबी देणारी योजना इतर देशांत त्यातला काही भागच देऊ शकते. वाजवी वापराची ती मर्यादा नियमातच आहे.

ई-सिम ही सोयीची गोष्ट असली तरी तिच्यातल्या अडचणी बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री उघड होतात. आपला फोन ई-सिम घेतो का, हे पाहण्यासाठी *#०६# दाबावे. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी हा लांबलचक क्रमांक दिसला तर घेतो. मुलाने अमेरिकेहून पाठवलेला फोन तेथील कंपनीच्या करारातला असेल, तर तो कुलूपबंद असू शकतो आणि दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाही. आयफोनमध्ये ‘अबाउट’च्या पानावर सिमवर बंधन नसल्याचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनना तर सिमची खाचच नाही, म्हणून त्यात भारतीय नंबर चालवायचा तर तो नंबर ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो. हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी मुळीच करू नये. आपल्याकडे सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, आणि नेमक्या त्या दिवशी बँकेचा ओटीपी लागतो.

विकत घेतलेले प्रवासी ई-सिम घरच्या वायफायवर आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावे. त्याचा क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर असावा, कारण ज्या फोनने तो टिपायचा त्याच फोनच्या पडद्यावर तो असला तर पंचाईत होते. अडचण आली म्हणून ते ई-सिम पुसून पुन्हा घालण्याचा मोह टाळावा. बहुतेक कोड एकदाच वापरता येतात. शिवाय भाच्याने वा मैत्रिणीने सुचवलेले ॲप भारतात मिळेलच असे नाही. परदेशी सिम विकायला येथे सरकारची परवानगी लागते, आणि ती नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने एअरालो आणि होलाफ्लाय या दोन कंपन्यांची ॲप भारतात हटवायला लावली होती.

प्रवासी ई-सिमवर बहुधा फोन नंबर नसतो, केवळ डेटा असतो. टॅक्सीचालकाशी ॲपमधून बोलता येते, पण स्थानिक नंबरावर ओटीपी मागणाऱ्या सेवा अडतात. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का असे विचारले, तर ‘नाही’ म्हणावे. जुन्या नंबरावरचे व्हॉट्सॲप नव्या डेटावर तसेच चालू राहते. मात्र संयुक्त अरब अमिरातीत तेथील नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, कॉल लागत नाहीत, हे दुबईला निघालेल्या आजी-आजोबांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे फोन बिघडला असे त्यांना वाटणार नाही. चीनमध्ये तर व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही अडवलेले आहेत. तेथे स्थानिक सिमपेक्षा भारतीय सिमचे महाग रोमिंग किंवा रोमिंगवर चालणारे प्रवासी ई-सिम उपयोगी पडते, कारण रोमिंगचा डेटा सहसा त्या सिमच्या मूळ कंपनीमार्फत फिरून येत असल्याने त्याला ती आडकाठी बहुधा लागत नाही.

साध्या कॉलमध्ये एक खर्च लपलेला असतो. उचलला न गेलेला कॉल दुसऱ्या भारतीय नंबरावर वळवण्याची सोय चालू असेल, तर परदेशात असताना तो कॉल आधी आपल्यापर्यंत येतो आणि मग परत भारतात जातो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे आपल्या माथी पडू शकतात. विमानात बसण्यापूर्वी ##००२# डायल केले की सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. घरच्यांचे नंबर दहा आकडी न ठेवता +९१ लावून जतन करावेत, नाही तर तेथील सिमवरून ते लागत नाहीत.

जुना साधा फोन परदेशात कामचलाऊ म्हणून नेणारे अजून भेटतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून त्याला नवी बॅटरी घालून आणली तरी अमेरिकेत तो उपयोगाचा नाही, कारण तेथील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी नेटवर्क बंद केले आणि आता कॉलसाठीही फोनला व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करणे, यावे लागते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये शेवटची ३जी नेटवर्क बंद होऊ लागली, तेव्हा ४जीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणारे फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घेणेच थांबवले. फोन ४जी आहे एवढ्यावर समाधान न मानता त्या देशातील कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल चालते का, हे पाहावे.

जहाजाच्या सफरीबद्दल थोडक्यात: किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो, आणि बहुतेक रोमिंग पॅक त्याला लागू नसतात. विमानातल्या नेटवर्कचेही तेच. दोन्हीकडे फ्लाइट मोड लावावा.

मुलांकडे सहा महिने राहायला अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी रोमिंग पॅक हा सर्वांत वाईट पर्याय आहे. मुलांच्या कौटुंबिक योजनेत एक जादा लाइन किंवा तेथील स्वस्त प्रीपेड सिम घ्यावे. भारतीय नंबराची मात्र हयगय करू नये. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद होतात, ९० दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर कायमचा जाऊ शकतो, आणि त्याबरोबर पेन्शनच्या खात्याचा ओटीपीही जातो. म्हणून निघताना लांब मुदतीचा साधा रिचार्ज करून पुण्यातल्या कोणा विश्वासू माणसाकडे पुढच्या रिचार्जची तारीख देऊन ठेवावी. यूपीआयचे ॲप नंबर तपासण्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस पाठवते, तेव्हा भारतीय सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याचा प्रयोग तेथे करू नये.

इतके करूनही उतरल्यावर नेट चाललेच नाही, तर तपासण्याचा क्रम असा ठेवावा. फ्लाइट मोड अर्धा मिनिट लावून काढावा. डेटा कोणत्या सिमवर लावला आहे आणि त्या सिमचे डेटा रोमिंग चालू आहे का, ते पाहावे. नेटवर्कची आपोआप निवड बंद करून योजनेच्या माहितीपत्रकात दिलेली भागीदार कंपनी हाताने निवडावी, कारण फोनला जोराची वाटणारी कंपनी आपल्या करारातली असेलच असे नाही. मग त्याच पत्रकातील एपीएन, म्हणजे फोनने डेटासाठी कोठे जोडायचे ते नाव, फोनमध्ये अक्षरशः तसेच आहे का, ते जुळवावे. एक टिंब चुकले तरी रेंजच्या सगळ्या काड्या दिसूनही पान उघडत नाही. यातले काहीच लागू पडले नाही तर विमानतळाच्या वायफायवर असतानाच विक्रेत्याला संदेश पाठवावा, कारण एकदा इमारतीबाहेर पडले की तक्रार करायलाही नेट उरत नाही.