पुढच्या शिडाची फडफड: माझा अनुभव

तापोळ्याला शिवसागर जलाशयात आमची छोटी शिडाची होडी असते. डोंगरांमुळे इथला वारा सारखा दिशा बदलतो, त्यामुळे शीड नीट लागलंय की नाही हे नुसत्या अंदाजानं कळत नाही.

तक्रार अशी होती: वाऱ्याकडे चढताना जिबचा (पुढच्या शिडाचा) वरचा भाग फडफडायचा. शीट (शीड ओढून धरणारी दोरी) अजून आवळावी, तर खालचा भाग पत्र्यासारखा सपाट व्हायचा आणि होडी रेंगाळायची.

शेवटी शिडावरून वारा कसा वाहतो ते दिसावं म्हणून साताऱ्याहून गडद लोकर आणली. जिबच्या पुढच्या कडेपासून वीतभर आत, वर, मध्ये आणि खाली, दोन्ही बाजूंना धागे चिकटवले (शिवणीपासून लांब लावा, नाहीतर अडकून बसतात). होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवली की वाऱ्याच्या बाजूचे तिन्ही धागे साधारण एकदमच उडायला हवेत. आमचा वरचा आधी उडायचा, म्हणजे शीड वर जास्त उघडत होतं. शीट ज्या सरकत्या कप्पीतून जाते ती रुळावर एक भोक पुढे घेतली. ओढ खालच्या दिशेनं वाढली, मागची कड आवळली आणि फडफड थांबली. खालचा धागा आधी उडाला असता तर कप्पी मागे सरकवायची.

पुढच्या कडेच्या आडव्या सुरकुत्या हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) ताणून गेल्या. तिथे उभी घडी दिसली की थोडा सैल सोडायचा.

वारा फारच वाढला तर मात्र मी कप्पी मुद्दाम मागे घेतो. शीड वरून वारा सांडतं, होडी कमी कलते.