एकाच डिक्शनरीत वजन, तारीख आणि गट नंबर: सी-शार्पमध्ये कसं ठेवावं

कापसाचा हंगाम लागला की आमच्याकडे जिनिंगच्या काट्यावर बंड्या अन् ट्रॅक्टरची रांग लागते. नोंद एकाच गाडीची, पण तिच्यात कास्तकाराचं नाव म्हणजे मजकूर, वजन दशांशात, काट्याची वेळ आणि चुकारा झाला की नाही तेही. सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतली डिक्शनरी (किल्ली दिली की तिचं मूल्य देणारी साठवण) तर मूल्याचा एकच टाइप, म्हणजे प्रकार, मागते.

आधी डिक्शनरी लागतेच का ते बघा. रकाने ठरलेले असतील तर साधा क्लास करा, काम संपलं. कापसाला ओलावा, सोयाबीनला काडीकचरा, असे मालागणिक रकाने बदलत असतील तरच पुढे चला.

किल्ली स्ट्रिंग ठेवा, मूल्य ऑब्जेक्ट. आता काहीही आत जातं. अडतं ते बाहेर काढताना.

माझा प्रोग्राम वजन डेसिमल (दशांश आकडा) समजून काढायचा. 12.40, 9.85 क्विंटल, सगळं सुरळीत. मग एक बंडी बरोबर 12 क्विंटल भरली, माझ्या कोडनं ती इंट (पूर्णांक) म्हणून आत टाकली आणि पावतीच्या वेळी इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन, म्हणजे चुकीच्या टाइपची त्रुटी, आलं. एरवी इंटचं डेसिमल आपोआप होतं. ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेलं इंट मात्र आधी इंट म्हणूनच काढावं लागतं. रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची पावती त्यामुळे अडली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून टाइप आत टाकतानाच पक्का करा. वजन आणि पैसे कायम डेसिमल; कोडमध्ये आकडा लिहिलात तर मागे 'एम' लावा. गट नंबर आज नुसता 45 दिसला तरी पोटहिस्सा पडला की 45/2 होतो, तो स्ट्रिंगच ठेवा. काढताना ट्राय-गेट-व्हॅल्यूनं किल्ली आहे का बघा, मग 'इज'नं टाइप तपासा. 2017 च्या सी-शार्प 7 पासून तपासणी आणि नवं व्हेरिएबल एकाच ओळीत होतं.

मी आता याहून पक्की वाट धरतो. 'मूल्य' नावाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट रेकॉर्ड (स्वतः थेट न वापरता येणारा, नुसता पाया), त्याखाली मजकूर, आकडा, वेळ आणि होयनाही असे चार रेकॉर्ड, आणि डिक्शनरीत ऑब्जेक्टऐवजी 'मूल्य'. मग नुसतं 12 टाकायला गेलात तर कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा) तिथेच अडवतो, काट्यावर नाही. (सी-शार्पमध्ये ही नावं देवनागरीतही चालतात.) वाचताना स्विच (प्रकार बघून वाट निवडणारी रचना) वापरा, शेवटी अनोळखी प्रकारासाठी एक्सेप्शन टाकणारी फांदी ठेवा. पुढे पाचवा प्रकार वाढवलात तर प्रत्येक स्विच स्वतः शोधून त्यात तो जोडा. ती फांदी असल्यावर कंपायलर आठवण करून देत नाही.